वसाहतकालीन युद्धांचे मेजावरील खेळ : नियमावली आणि लघुआकृतींच्या निवडीची चिकित्सा

१. प्रस्तावना

युद्धाला खेळाचे रूप देण्याची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. 'चतुरंग' या नावातच हत्ती, घोडदळ, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे सामावलेली आहेत. मात्र बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही पक्षांचे बळ सारखे असते, दोघांची मोहरी सारख्याच रीतीने चालतात आणि रंगापलीकडे त्यांच्यात भेद नसतो. वसाहतकालीन युद्धांवर आधारलेला मेजावरील युद्धखेळ ही समता मुळातच सोडून देतो. एका बाजूला आधुनिक रायफली आणि कवायती शिस्त, दुसऱ्या बाजूला संख्या, वेग आणि भूमीची जाण, अशी विषम मांडणी हेच त्याचे आकर्षण असते. ही विषमता नियमांत कोणी बांधली आणि कोणत्या गृहीतकांवर बांधली, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

वॉरगेमिंग या नावाने ओळखला जाणारा हा छंद प्रामुख्याने इंग्लंड आणि अमेरिकेत रुजलेला आहे. बहुधा २८ मिलिमीटर मापाच्या, धातूच्या किंवा प्लास्टिकच्या, हाताने रंगवलेल्या आकृती. टेकड्या, नद्या, कुंपणे मांडलेले मेज. अंतर मोजण्याची फीत. फासे अथवा पत्ते आणि एक छापील नियमपुस्तक, एवढी त्याची सामग्री. या छंदाकडे वळणाऱ्यासमोर आरंभीच दोन प्रश्न उभे राहतात. कोणती नियमावली घ्यावी, आणि कोणत्या आकृती घ्याव्यात? छंदाच्या वर्तुळात या प्रश्नांची उत्तरे खर्च, सोय, खेळाला लागणारा वेळ आणि करमणूक या निकषांवर दिली जातात. ते स्वाभाविकही आहे. प्रस्तुत लेखाची भूमिका मात्र अशी आहे की, ही निवड केवळ व्यवहाराची नसून अर्थनिर्णयाची आहे. नियमावली हे युद्धाविषयीचे एक प्रतिपादन असते आणि लघुआकृती ही माणसाविषयीची एक प्रतिमा असते. साहित्यकृतीची चिकित्सा ज्या गांभीर्याने केली जाते, त्याच गांभीर्याने या दोहोंची चिकित्सा करता येते.

या विवेचनासाठी प्रचलित नियमावलींपैकी चार निवडल्या आहेत. उदाहरण म्हणून १८७९ चे इंग्रज-झुलू युद्ध मुख्यतः समोर ठेवले आहे, कारण या छंदातील ते सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या वसाहतयुद्धांपैकी एक आहे. त्यातून निघणारे निष्कर्ष तपासण्यासाठी १८०३ मधील असईच्या लढाईचा आधार घेतला आहे.

२. पार्श्वभूमी

आधुनिक युद्धखेळाचा उगम प्रशियाच्या सैन्यात सापडतो. रायस्वित्झ पितापुत्रांपैकी मुलाने १८२४ मध्ये सिद्ध केलेला 'क्रीगश्पील' हा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा खेळ होता. त्यात नकाशा, फासे आणि निर्णय देणारा पंच होता. रंजन हा त्याचा हेतू नव्हता. घरगुती मनोरंजन म्हणून युद्धखेळाला रूप मिळाले ते पुढे. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे शिशाचे शिपाई बाजारात आणले आणि खेळण्यातले सैन्य मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आले. अशाच शिपायांना घेऊन एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध कितीतरी बरे, असा त्या पुस्तकाचा शांततावादी सूर होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

या कालपटात आणखी एका ग्रंथाची नोंद घ्यावी लागते. ब्रिटिश सैन्याधिकारी सी. ई. कॉलवेल यांचा 'स्मॉल वॉर्स' हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंना नियमित सैन्य नसते अशा मोहिमांना त्यांनी 'लहान युद्धे' म्हटले आणि त्या कशा लढाव्यात याचे शास्त्र मांडले. एका बाजूला 'नियमित' आणि दुसऱ्या बाजूला 'अनियमित' ही त्यांची मूलभूत विभागणी होती. ब्रिटनचे शिपाई, वेल्सचा खेळ आणि कॉलवेलचे शास्त्र हे तिन्ही साम्राज्याच्या ऐन भरात जन्मले, हा योगायोग मानणे कठीण आहे. आजच्या नियमावली वाचताना कॉलवेलची विभागणी त्यांच्या गणितात जिवंत असल्याचे वारंवार जाणवते.

पौर्वात्य जगाविषयीचे पाश्चात्त्य ज्ञान सत्तेशी कसे बांधलेले असते, याचे विवेचन एडवर्ड सैद यांनी 'ओरिएंटॅलिझम' या १९७८ च्या ग्रंथात केले. त्यांचा भर ग्रंथ, प्रवासवर्णने आणि साहित्य यांवर होता. खेळाच्या बाबतीत एक वेगळी पायरी विचारात घ्यावी लागते. इयन बोगोस्ट यांनी २००७ मधील 'परस्युएसिव्ह गेम्स' या ग्रंथात असे दाखवले की, खेळ आपले म्हणणे शब्दांपेक्षा नियमांच्या प्रक्रियेतून पटवून देतो. वाचक एखाद्या विधानाशी असहमत होऊ शकतो. खेळाडूला मात्र नियम पाळल्याशिवाय खेळताच येत नाही. म्हणून नियमातील गृहीतक पुस्तकातील मतापेक्षा अधिक मुरते.

३. नियमावलींची चिकित्सा

३.१ 'द सोर्ड अँड द फ्लेम'

लॅरी ब्रॉम यांची ही नियमावली १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वसाहतकालीन युद्धखेळात तिने दीर्घकाळ मानदंडाचे स्थान राखले. वीस आकृतींची तुकडी हे तिचे मूलमाप आहे. कोणती तुकडी केव्हा हलणार हे पत्ते ठरवतात. लाल पत्ता निघाला तर एका बाजूची पाळी, काळा निघाला तर दुसऱ्या बाजूची. तुकडी किती अंतर चालणार हेही फाशांवर अवलंबून असते. हातघाईची लढाई आकृतीला आकृती भिडवून सोडवली जाते.

या रचनेचा परिणाम लक्षणीय आहे. सेनापतीच्या योजनेप्रमाणे काहीच पूर्णपणे घडत नाही. चौकोनी व्यूह रचावा आणि नेमका प्रतिपक्षाचा पत्ता आधी निघावा, असे वारंवार होते. साम्राज्याच्या सुव्यवस्थेचे जे चित्र त्या काळातील अधिकृत अहवालांत दिसते, त्याला ही नियमावली कळत-नकळत छेद देते. शिवाय दोन्ही बाजूंना खेळाडू असतात आणि दोन्ही बाजू जिंकू शकतात, ही तिची जमेची बाजू आहे. तिची मर्यादा अशी की, तिच्यातील 'नेटिव्ह' हा इतिहासातून आलेला दिसत नाही. शौर्य, आवेग आणि अंगावर धावून येणे एवढेच त्याचे भांडवल. साम्राज्यावरील जुन्या हॉलिवूडपटांची छाप या खेळावर स्पष्ट दिसते. रंगत हे तिचे बळ आहे, पण ती रंगत कोणत्या पडद्यावरून आली हे विसरता येत नाही.

३.२ 'सायन्स व्हर्सेस प्लक'

हॉवर्ड व्हाइटहाउस यांची ही नियमावली सुदानमधील महदीवादी चळवळीविरुद्धच्या मोहिमांसाठी आहे. तिची रचना मूलतः वेगळी आहे. येथे सर्व खेळाडू एकाच, म्हणजे ब्रिटिश बाजूचे अधिकारी होतात. महदीच्या सैन्याच्या हालचाली पंच ठरवतो. शत्रू कोठे आहे, किती आहे, केव्हा उठेल, हे खेळाडूंना ठाऊक नसते.

सकृद्दर्शनी ही योजना अधिक वसाहतवादी वाटेल, कारण प्रतिपक्षाला खेळाडूच नाही. वस्तुतः तिचे दोन अर्थ संभवतात. एकीकडे, महदीचा अनुयायी येथे विचार करणारा माणूस राहत नाही; तो वाळवंटातून उठणाऱ्या वादळासारखा निसर्गाचा भाग बनतो. दुसरीकडे, वसाहती अधिकाऱ्याचे अज्ञान, त्याची भीती आणि सहकाऱ्यांशी असलेली त्याची स्पर्धा यांचे इतके नेमके दर्शन अन्य नियमावलीत घडत नाही. वसाहतीच्या मनोव्यापाराचा अभ्यास हा हेतू असेल तर ही नियमावली उपयुक्त आहे. वसाहतीखालील समाजाचा अभ्यास हा हेतू असेल तर ती अपुरी आहे. निवड करणाऱ्याने आपला हेतू आधी ठरवणे येथे अपरिहार्य होते.

३.३ 'द मेन हू वुड बी किंग्ज'

डॅनिएल मर्सी यांची ही नियमावली २०१६ मध्ये ऑस्प्रे या प्रकाशनसंस्थेने काढली. किपलिंगच्या १८८८ मधील कथेच्या नावाचे अनेकवचन करून तिचे शीर्षक घडवले आहे. सोपी, कमी आकृतींत खेळता येणारी आणि एकट्यालाही खेळता येईल अशी तिची ख्याती आहे. तुकड्यांचे प्रकार ठरलेले आहेत : नियमित पायदळ, अनियमित पायदळ, टोळी पायदळ इत्यादी. नियमित पायदळाच्या तुकडीत १२ आकृती असतात, टोळी पायदळाच्या तुकडीत १६. प्रत्येक प्रकाराला गुणांत किंमत दिलेली असते आणि दोन्ही बाजू समान गुणांचे सैन्य उभारतात. तुकडीने काही करावे यासाठी बहुधा तिच्या नायकाच्या नेतृत्वाची फाशांवर परीक्षा होते. पण नियमित पायदळाला गोळीबारासाठी अशी परीक्षा द्यावी लागत नाही. टोळी पायदळाला गोळीबारासाठी ही सवलत नाही.

हा एक लहानसा नियम आहे, परंतु त्यात एक संपूर्ण दृष्टिकोन दडलेला आहे. गोळीबार हा कवायती सैनिकाचा सहजधर्म, आणि टोळीवाल्यासाठी ती प्रयत्नाने साधायची गोष्ट, असे त्यात गृहीत आहे. झुलूंच्या बाबतीत हे गृहीतक बऱ्याच अंशी पटते. त्यांच्याकडे बंदुका पुष्कळ होत्या, पण बहुतेक जुनाट होत्या आणि त्यांचा भर जवळून भाला चालवण्यावर होता. सरहद्दीवरील पठाणाच्या बाबतीत तेच गृहीतक तितके निर्विवाद राहत नाही. येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ही नियमावली वर्गीकरण वांशिक नावांनी न करता लढण्याच्या पद्धतीने करते. कोणत्या सैन्याला कोणत्या प्रकारात बसवावे, याचा निर्णय शेवटी खेळाडूच्या हाती राहतो. म्हणजे दोष असेल तर तो नियमापेक्षा नियम वापरणाऱ्याच्या सवयीत अधिक आहे.

३.४ 'ब्लॅक पावडर'

रिक प्रीस्टली आणि जर्विस जॉन्सन यांची ही नियमावली २००९ मध्ये वॉरलॉर्ड गेम्स या कंपनीने प्रसिद्ध केली. १७०० ते १९०० या दोन शतकांतील युद्धे तिच्या कक्षेत येतात. सेनानी आपली आज्ञा आधी मोठ्याने उच्चारतो, मग दोन फासे टाकतो. बेरीज त्याच्या क्षमतेच्या आकड्याहून जितकी कमी, तितक्या अधिक हालचाली तुकडी करते. बेरीज जास्त झाली तर बहुधा आज्ञा फुकट जाते. प्रत्येक तुकडीला हातघाई, गोळीबार, धैर्य आणि दम यांचे स्वतंत्र आकडे असतात.

चिकित्सेच्या दृष्टीने तिचे वैशिष्ट्य असे की, युरोपातील आणि वसाहतींतील युद्धांसाठी तिच्यात वेगळे व्याकरण नाही. वॉटर्लूचा फ्रेंच शिपाई आणि सोब्राओंचा शीख शिपाई एकाच कोष्टकात उभे राहू शकतात. आकडे कोणते द्यायचे हा वाद उरतोच, पण तो वाद उघड्यावर होतो. प्रकारांच्या नावाआड तो लपत नाही. मोठे मेज, मोठी संख्या आणि त्यामुळे मोठा खर्च ही तिची व्यावहारिक अडचण आहे.

३.५ समतोलाचा प्रश्न

चारही नियमावलींना एका समान प्रश्नाला सामोरे जावे लागते. ओम्डुर्मान येथे २ सप्टेंबर १८९८ रोजी खलिफाच्या सुमारे ५०,००० सैन्यापैकी १०,००० हून अधिक माणसे मारली गेली; किचनरच्या बाजूला ठार झालेल्यांची संख्या ५० च्या आत होती. अशा घटनेचा खेळ होऊ शकत नाही. तो 'खेळण्याजोगा' करायचा तर मॅक्झिम तोफांचा परिणाम कमी करावा लागतो किंवा विजयाची व्याख्या बदलावी लागते. पहिल्या उपायाने इतिहासातील हिंसा सौम्य होते. दुसऱ्या उपायाने निदान ती कायम राहते आणि खेळाडू तिच्यासमोर उभा राहतो. नियमावली निवडताना ती समतोल कोणत्या मार्गाने साधते, हे पाहणे म्हणून आवश्यक आहे.

खेळ कोठे थांबतो हेही तितकेच महत्त्वाचे. २२ आणि २३ जानेवारी १८७९ रोजी रोर्क्स ड्रिफ्ट येथे सुमारे १५० जणांनी तीन ते चार हजार झुलूंना रोखले आणि त्यासाठी ११ व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. एक ठाणे, धान्याच्या पोत्यांची भिंत, मोजकी माणसे. एकास एक आकृती मांडूनही ही लढाई मेजावर बसते, आणि १९६४ च्या 'झुलू' या चित्रपटाने ती घरोघरी पोचवली. तिच्या लोकप्रियतेचे रहस्य यात आहे. परंतु त्याच दिवशी, काही तास आधी, इसांडल्वाना येथे सुमारे २०,००० झुलूंनी ब्रिटिश छावणी नष्ट केली आणि तेथे १,३०० हून अधिक माणसे पडली. न्त्शिंग्वायो या झुलू सेनानीचे ते यश होते. रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईनंतर मैदानात सापडलेल्या जखमी झुलूंना ठार करण्यात आले, ही नोंदही इतिहासात आहे. खेळ शेवटच्या हल्ल्यापाशी संपतो, त्यामुळे ही नोंद मेजावर येतच नाही.

४. लघुआकृती : प्रमाण, पवित्रा आणि रंग

आकृतींची निवड करताना पहिला विचार मापाचा येतो. २८ मिलिमीटरच्या आकृतीत चेहरा, बटणे, पट्टे दिसतात. १५ मिलिमीटरमध्ये तुकडीचा आकार दिसतो. ६ मिलिमीटरमध्ये सैन्य दिसते. याखेरीज १/७२ प्रमाणातील मऊ प्लास्टिकच्या आकृती स्वस्त असतात. एस्की या इटालियन कंपनीने काढलेले झुलू युद्धाचे संच याच मापाचे होते. हा केवळ खर्चाचा मुद्दा नाही. इसांडल्वानाचे २०,००० झुलू ३३ माणसांना एक आकृती या प्रमाणात मांडायचे तर ६०० हून अधिक आकृती लागतात. २८ मिलिमीटरमध्ये ते बहुतेकांना शक्य नसते, म्हणून खेळाडू रोर्क्स ड्रिफ्टकडे वळतो. मोठी आकृती निवडली की लहान लढाई निवडली जाते, आणि लहान लढायांत वेढल्या गेलेल्या मूठभर गोऱ्यांची कथा सहज सापडते. माप अशा रीतीने कथानक ठरवते.

दुसरा विचार पवित्र्याचा. बाजारातील ब्रिटिश पायदळाच्या आकृती बहुधा उभ्या राहून किंवा गुडघा टेकून नेम धरलेल्या असतात. अधिकारी हात उंचावून आज्ञा देत असतो. झुलू आकृती बहुधा धावत असते. भाला उगारलेला, तोंड उघडे. पहिली आकृती विचार करते आणि दुसरी आवेगाने चालते, असे एक वाक्य या दोन पवित्र्यांतून तयार होते. वास्तविक झुलू सैन्य वयोगटांनुसार बांधलेल्या 'अमाबुथो' या पलटणींत संघटित होते, ढालींच्या रंगांना अर्थ होता आणि बैलाच्या शिंगांसारखा वेढा घालण्याची त्यांची व्यूहरचना अत्यंत शिस्तीची होती. थांबलेला, ऐकणारा, वाट पाहणारा झुलू हा इतिहासाचा भाग आहे. इसांडल्वानापूर्वी हजारो झुलू एका दरीत शांत बसून होते. असे पवित्रे देणारा संच निवडणे ही अधिक इतिहासनिष्ठ निवड ठरते.

वेशभूषेबाबतही हेच म्हणता येते. पिसे आणि शेपट्यांचा पूर्ण साज हा प्रामुख्याने समारंभाचा वेश होता. १८७९ च्या मोहिमेत बहुतेक झुलू योद्ध्यांनी तो घरी ठेवला होता. पूर्ण साजातील आकृती अधिक आकर्षक दिसते म्हणून ती अधिक विकली जाते. ब्रिटिश शिपायाचे शुभ्र शिरस्त्राणही असेच दिशाभूल करणारे आहे. उन्हात चमकू नये म्हणून शिपाई ते चहाच्या पाण्यात किंवा तत्सम कशात तरी रंगवीत असत. दोन्ही बाजूंची आकृती कवायतीच्या मैदानावरची असते, रणावरची नसते.

तिसरा विचार रंगाचा. आकृती रंगवण्याच्या रंगांच्या बाटलीवर नुसते 'फ्लेश' असे लिहिलेले असते, तेव्हा तो रंग गोऱ्या कातडीचा असतो. भारतीय शिपाई रंगवणाऱ्याला दुसरी बाटली शोधावी लागते. २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे लढलेल्या ब्रिगेडियर बरोज यांच्या सुमारे २,५०० सैन्यात ६६ वी पलटण वगळता पायदळ मुंबई लष्कराचे, म्हणजे बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स यांचे होते. 'ब्रिटिश सैन्य' म्हणून मेजावर येणारा समूह अशा वेळी बहुसंख्येने भारतीय असायला हवा. समोर अयूब खानाकडे ३० तोफा आणि नियमित अफगाण पलटणी होत्या. बरोज यांच्याकडे १२ तोफा होत्या. 'शिस्तबद्ध गोरे विरुद्ध बेशिस्त टोळ्या' हे चित्र या एका लढाईतही टिकत नाही.

येथे आपल्याकडील एका लघुआकृतींच्या परंपरेची आठवण अप्रस्तुत ठरू नये. महाराष्ट्रात दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात आणि त्यावर मातीची चित्रे मांडतात. सिंहासनावर शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी गवळण, शेतकरी, विहीर, अळिवाची हिरवळ. या मांडणीत शत्रूची आकृती बहुधा नसतेच. किल्ला लढण्यापेक्षा नांदण्यासाठी असतो. युद्धखेळाच्या मेजावर नेमके हेच हरवते. संचांत सैनिक असतात. बाजारबुणगे, बैल हाकणारे, पाणके, जखमी माणसे आणि रिकामी झालेली गावे क्वचितच असतात. वेलस्लीचे दख्खनमधील यश म्हैसूरच्या बैलांवर आणि धान्य वाहणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यांवर उभे होते. ज्या मेजावर तांडा नाही, त्या मेजावर ती मोहीम का यशस्वी झाली हे कळणार नाही.

५. असईची कसोटी

वरील विवेचनाची कसोटी म्हणून आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई घेता येईल. खेळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. शिंद्यांच्या बाजूला घोडदळाखेरीज दहा हजारांच्या आसपास कवायती पायदळ आणि सुमारे १०० तोफा होत्या. या पायदळाची मुख्य सूत्रे अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे होती. महादजी शिंद्यांच्या काळात द बोआन्य याने उभारलेल्या कंपूंची ही परंपरा. बेगम समरूच्या पलटणीही या फौजेसोबत होत्या. वेलस्लीच्या पायदळात ७४ वी आणि ७८ वी या दोन युरोपीय पलटणी आणि मद्रास लष्कराच्या पाच भारतीय पलटणी होत्या.

नदीकाठी समोरासमोर दोन गावे आहेत, त्याअर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असे अनुमान करून वेलस्लीने खेळणा ओलांडली आणि मराठ्यांच्या बगलेवर येण्याचा प्रयत्न केला. पोलमनच्या पलटणींनी तोफांसह आपली सबंध फळी वळवून नवी आघाडी उभी केली. शत्रूकडून अशा कवायतीची वेलस्लीला अपेक्षा नव्हती. असई गावाच्या रोखाने भरकटलेली ७४ वी पलटण जवळजवळ नष्ट झाली. तोफांची फळी इंग्रज पायदळाने ओलांडल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठा गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला. वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले.

ही लढाई 'नेटिव्ह' या कप्प्यात बसवली तर काय होते? आवेगाने धावणे हाच ज्याचा गुण, अशा तुकडीला फळी वळवता येणार नाही. गोळीबार जिला सहज नाही, अशा तुकडीच्या तोफा ७४ व्या पलटणीचा विध्वंस करू शकणार नाहीत. खेळात वेलस्ली सहज जिंकेल आणि त्याला ती लढाई इतकी महाग का पडली, हे कोडेच राहील. 'ब्लॅक पावडर'सारख्या नियमावलीत पोलमनच्या पलटणींना कंपनीच्या पलटणींच्या तोडीचे आकडे देता येतात आणि पराभवाचे कारण अन्यत्र शोधावे लागते : सेनापतींतील विसंवाद, कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांची नोकरी सोडून गेलेले युरोपीय अधिकारी, कंपूंना घोडदळाची न मिळालेली साथ. म्हणजे योग्य नियम निवडला की प्रश्न वंशाकडून राज्यव्यवस्थेकडे वळतो. इतिहासाच्या अभ्यासात हीच गोष्ट अपेक्षित असते.

दुसरे उदाहरण १ जानेवारी १८१८ च्या भीमा कोरेगावचे. कंपनीच्या सुमारे ८०० जणांत तोफखान्यावरील मूठभर युरोपीय वगळता मुंबई लष्कराच्या पलटणीचे शिपाई आणि स्वार होते, त्यांत महार सैनिक लक्षणीय होते. पेशव्यांच्या बाजूने गावावर चालून गेलेल्यांत अरबांचा मोठा भरणा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथील स्तंभाला दिलेल्या भेटीनंतर या लढाईची स्मृती सामाजिक मुक्तीशी जोडली गेली. 'साम्राज्य विरुद्ध नेटिव्ह' या चौकटीत कोणती आकृती कोठे उभी करायची, हेच येथे ठरवता येत नाही. आकृतीच्या अंगावरचा कोट कंपनीचा असला, तरी तो घालणाऱ्याचा इतिहास कंपनीचा नव्हता. कोणतीही नियमावली हे सांगणार नाही. मेजाभोवती जमलेल्यांनाच ते एकमेकांना सांगावे लागेल.

६. निवडीचे निकष

या विवेचनाच्या आधारे निवडीचे काही निकष सुचवता येतात. पहिला, नियमावलीतील वर्ग वंशावर बेतलेले आहेत की लढण्याच्या पद्धतीवर, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारची निवडावी. दुसरा, एकच नियमावली दोन्ही बाजूंना नियमित सैन्य मानू शकते का, हे तपासावे. भारतीय युद्धांसाठी हा निकष निर्णायक आहे. तिसरा, समतोल साधताना शस्त्रांचा परिणाम बदललेला आहे की विजयाची व्याख्या, हे समजून घ्यावे. चौथा, आकृतींचे माप लढाईवरून ठरवावे, मापावरून लढाई ठरवू नये. पाचवा, संचातील पवित्रे, वेश आणि वर्ण समकालीन पुराव्याशी ताडून पाहावेत. सहावा, सैनिकेतर माणसांना, निदान तांडा आणि छावणी यांना, मेजावर जागा द्यावी.

यावर एक आक्षेप संभवतो. खेळ हा अखेर खेळ आहे, त्यावर इतका भार का टाकावा? आक्षेप अगदीच निराधार नाही. छंद म्हणून आकृती रंगवणाऱ्याला रंगवण्याचा आनंद पुरेसा आहे आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु इतिहास विभागात अध्यापनसाधन म्हणून असा खेळ आणायचा असेल, तर हा भार टाळता येत नाही. असईची लढाई व्याख्यानातून ऐकणारा विद्यार्थी निकाल लक्षात ठेवतो. तीच लढाई शिंद्यांच्या बाजूने खेळणारा विद्यार्थी निकालापूर्वीच्या शक्यता अनुभवतो. जे घडले ते घडणारच होते, ही वसाहतकालीन इतिहासलेखनाने रुजवलेली समजूत मेजावर जितक्या लवकर ढळते, तितक्या लवकर ती पाठ्यपुस्तकात ढळत नाही. त्यासाठी पोलमनच्या पलटणीला वळता येईल असा नियम हाती असायला हवा.

७. समारोप

वसाहतकालीन युद्धखेळाच्या नियमावली आणि आकृती या निष्पाप साधनसामग्रीही नाहीत आणि केवळ साम्राज्याचा प्रचारही नाहीत. 'द सोर्ड अँड द फ्लेम' सत्तेच्या नियंत्रणाला धक्का देते, पण प्रतिपक्षाला चित्रपटातून उचलते. 'सायन्स व्हर्सेस प्लक' वसाहती अधिकाऱ्याचे अज्ञान उघडे करते, पण प्रतिपक्षाला आवाज देत नाही. 'द मेन हू वुड बी किंग्ज' सुलभ आहे, मात्र तिचे वर्ग डोळसपणे वापरावे लागतात. 'ब्लॅक पावडर' खर्चिक असली तरी भारतीय युद्धांना सर्वांत अधिक न्याय देऊ शकते. आकृतींच्या बाबतीत मराठा कवायती पायदळ, मद्रास आणि मुंबई लष्कराचे शिपाई आणि तांड्यांवरील माणसे यांचे इतिहासनिष्ठ चित्रण हे अद्याप विस्ताराला वाव असलेले क्षेत्र आहे. समकालीन चित्रे, पलटणींच्या नोंदी आणि मोडी कागदपत्रे यांच्या आधारे ते काम येथील अभ्यासकांना आणि मूर्तिकारांना एकत्र येऊन करता येण्यासारखे आहे. मातीची चित्रे करणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांच्यासमोर ठेवायचा अचूक तपशील पुरवणे हे इतिहासाच्या अध्यापकांचे काम आहे.